आंधळ्याने फक्त सुधारायचं का?

माझ्या मामूंची नजर जाऊन बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी मी त्यांच्यासाठी अंधांच्या एका ऑडिओ ग्रंथालयाकडे आकाशवाणीच्या जुन्या श्रुतिका मागितल्या. उत्तर आलं, "आम्ही पुस्तकं देतो, करमणूक नाही." यादीत स्पर्धा परीक्षांची गाइडं होती, थोरांची चरित्रं होती, धीर देणारी प्रवचनं तर ढीगभर. मामू म्हणाले, "बेटा, मी आंधळा झालोय, परीक्षेला नाही बसलेलो."

डोळसांनी रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वाट्टेल ते बघायचं, आणि आंधळ्याने तेवढं सुधारायचं! हा कुठला न्याय?

'पुन्हा प्रपंच' आठवतं? नीलम प्रभू, प्रभाकर जोशी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. मध्यमवर्गीय घर, नवरा-बायकोची बोलाचाली, मधेच भावजींची एंट्री. ते घर कुणीच पाहिलं नव्हतं. ज्याने त्याने आपापल्या मनात उभं केलं. सिनेमात अंधाला शेजारच्याने कानात सांगावं लागतं, श्रुतिकेत तो कुणाचा मिंधा नसतो. मामूंना हवी आहे ती हीच बरोबरी.

कायद्याचं काय? 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. 2014 मध्ये अंधांसाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. कौतुक आहेच. पण मेख पाहा. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मोकळीक मिळते ती मूळ स्वरूपात कृतीचा आस्वाद घेता येत नसेल तेव्हाच. म्हणजे छापील कादंबरी विनापरवाना वाचून रेकॉर्ड करता येते, आणि जी मुळात कानांसाठीच लिहिली ती श्रुतिका अडकते! प्रक्षेपणाचा हक्क 25 वर्षांत संपतो, पण लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं राहतो. ही गाठ आकाशवाणी आणि लेखकांचे वारस मिळूनच सोडवू शकतात. त्यांनी एक साधं पत्र द्यावं की अंधांच्या ग्रंथालयांना या श्रुतिका मोफत. पण ते पत्र मागायला ग्रंथालयांनी आधी उठायला तर हवं.

आणि आपण? 2024 मध्ये अमीन सायानी गेले तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाने 'बिनाका गीतमाला'च्या आठवणी लिहिल्या, मीही लिहिल्या. सदका काढताना मात्र आपल्याला पांढरी काठी सुचते, फार तर ब्रेल कुरआन. रेडिओवरच्या हशाचा खर्च उचलावा असं कुणाच्या मनात येत नाही.

मामू परवा पुन्हा विचारत होते, "भावजी मिळाले का रे?" ग्रंथालयाला मी दुसरं पत्र टाकलंय. उत्तर यायचंय.