पाहुणे नकोत, प्रश्न हवा : प्रथम वर्षाचा ‘सेमिनार’ गोंदियात कसा आखता येईल?

गोंदिया : कॉलेजात ‘सेमिनार’ म्हटले की आठवतो बॅनर, पाहुण्यांचा सत्कार आणि आभारप्रदर्शन. प्रथम वर्षाचा सेमिनार अभ्यासक्रम ही मात्र वेगळी गोष्ट आहे. १५-२० विद्यार्थी, एक शिक्षक आणि सत्रभर पुरेल असा एक प्रश्न. जास्त बोलायचे विद्यार्थ्यांनी. अमेरिकेतील साऊथ कॅरोलिना विद्यापीठाने १९७२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी १०१’ सुरू केले, ते नवख्यांचा कॉलेजात जम बसावा म्हणूनच.

सालेकसा, देवरीहून येणारा विद्यार्थी अनेकदा गाईडमधली उत्तरे पाठ करूनच बारावी झालेला असतो. घरी झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी. भरल्या वर्गात शंका विचारायला तो बिचकतो. यूजीसीचा ‘दीक्षारंभ’ उपक्रम स्वागतापुरता ठीक आहे, पण तो सुरुवातीच्या दिवसांतच आटोपतो. नव्या शैक्षणिक धोरणात २ क्रेडिटचे छोटे विषय आले आहेत. सेमिनारला जागा तिथेच मिळू शकते.

प्रश्न कोणता? इथे शोधायला लांब जायला नको. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगावी आहेत. आपल्या गावचा तलाव कोणी बांधला? १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर पाण्याचा हक्क कोणाकडे आला? गाळ का साचला? सारस तिथे अजून उतरतो का? आधी जुनी कागदपत्रे आणि बातम्या वाचायच्या, मग पाळीवर जाऊन धान उत्पादक आणि ढिवर बांधवांशी बोलायचे, मग दोन पाने लिहायची. शिक्षकाने ती दुरुस्त करून परत द्यायची आणि विद्यार्थ्याने पुन्हा लिहायची. गुण या दुसऱ्या खर्ड्याला. सगळी मेहनत इथेच आहे आणि नेमके हेच गाळले जाण्याची भीती आहे.

कारण हिशेब. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार व्याख्यानाच्या १ क्रेडिटला सत्रात १५ तास लागतात, सेमिनारच्या १ क्रेडिटला ३०. म्हणजे २ क्रेडिटसाठी आठवड्याला ४ तास. १२० विद्यार्थ्यांचे २० जणांचे ६ गट केले, तर आठवड्याला २४ तास होतात. सहायक प्राध्यापकाचा अध्यापनभार १६ तासांचा. एकट्याला हे झेपणारे नाही. वेगवेगळ्या विषयांच्या सहा शिक्षकांनी एकेक गट घेतला तर जमते. तलावाचा प्रश्न इतिहासाचाही आहे आणि प्राणिशास्त्राचाही.

पण तलावावर गेलेले आणि वह्या तपासण्यात गेलेले तास विद्यापीठाने कार्यभारात धरले पाहिजेत. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना त्यांचे मानधनही मिळायला हवे. नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात ‘मामा तलाव प्रोजेक्ट’ची तयार फाइल मिळायला एक सत्रही लागणार नाही.