गेटावरचा फळा कुणाच्या भाषेत?



मी चौथी पास माणूस. गिरणीत रिंग खात्यात काम करतो, पाळी सुटली की युनियनचं काम करतो. कायदा मी शाळेत शिकलो नाही, ठेच लागली तेव्हा शिकलो. ती ठेच आधी सांगतो.

साल २०१९. माझ्या शेजारच्या मशीनवरचा सोबती आईच्या आजारपणात गावी गेला. ना अर्ज, ना निरोप. बाराव्या दिवशी परत आला. ऑफिसात त्याच्यापुढं एक इंग्रजी कागद सरकवला. “सही कर नि कामाला लाग.” त्यानं सही केली. तीन दिवसांनी गेटावर अडवला. कागद खाडा माफ करण्याचा नव्हता, राजीनाम्याचा होता! नऊ वर्षांची नोकरी एका सहीत गेली.

मालक लबाड, हे तर खरंच. पण आपलं काय चुकलं तेही उघड बोलू या, नाहीतर सभेत टाळ्या मिळतील आणि खात्यात मार मिळेल. परवानगीवाचून लागोपाठ १० दिवसांपेक्षा जास्त खाडा केला तर ते गैरवर्तन, असं गिरणीच्या स्थायी आदेशांत लिहिलेलं होतं. एक अर्ज, निदान फोनवर चार ओळींचा लेखी निरोप पाठवला असता तर वरच्यांना बोट दाखवायला जागा कमी राहिली असती. हे आपलं कर्तव्य, ते टाळून भागत नाही.

पण मालकाचं कर्तव्यही त्याच कागदावर होतं. गैरवर्तन झालं तर आधी लेखी आरोपपत्र द्यायचं. मग चौकशी. कामगाराला आपली बाजू मांडू द्यायची. मगच शिक्षा. चौकशीसाठी निलंबित केलं तर पहिले ९० दिवस अर्धा पगार, आणि कामगाराचा दोष नसताना चौकशी लांबली तर पुढं ७५ टक्के. एवढा खर्च, एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून राजीनामा! माणूस स्वतःहून गेला असं दाखवलं की आरोपपत्र नको, चौकशी नको, काही नको.

आता फळ्याकडे येतो. १९४६ सालच्या स्थायी आदेशांच्या कायद्यानं मालकावर बंधन घातलं, की हे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत गेटाजवळ आणि खात्याखात्यात फळ्यावर लावायचे. १९४८ च्या कारखाने कायद्यानंही सूचनांबद्दल हेच सांगितलं. म्हणजे कामगाराची भाषा ही मालकाची मेहेरबानी नव्हती, कायदा होता! आमच्या गेटावर काय होतं? इंग्रजी कागद काचेत, मराठी कागद सायकल स्टँडच्या मागे, पावसानं धुतलेला. माझ्या सोबत्याला मराठी चांगली वाचता येते. तो राजीनामा मराठीत असता तर त्याच्यावर त्यानं सही केली असती का? मुळीच नाही.

आणि एक गोष्ट, काहींना रुचणार नाही. ज्या खात्यात ओडिशाची, बिहारची माणसं जास्त आहेत तिथं त्यांच्या भाषेतही फळा लागला पाहिजे. आम्ही आमच्या भाषेचा हक्क मागायचा आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाला आंधळा ठेवायचा, हे आपल्याला शोभत नाही. शिवाय उद्या त्याच्याच सहीनं मालक आपला पगार पाडेल.

२१ नोव्हेंबर २०२५ ला जुने २९ कामगार कायदे जाऊन चार संहिता लागू झाल्या. त्यांत बरंही आहे. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. कामावरून काढलं किंवा राजीनामा दिला तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. हे तोंडपाठ ठेवा. पण स्थायी आदेशांचं बंधन आता ३०० कामगारांपासून पुढे. पूर्वीच्या कायद्यात ते १०० पासून होतं, आपल्या राज्यात तर ५० पासून. मग दीडशे माणसांच्या गिरणीत गैरवर्तन कशाला म्हणायचं ते ठरवणार कोण? मॅनेजरच्या मनात आलं तर शिंकणंही गैरवर्तन! ही मर्यादा खाली आणा, ही आपली मागणी आहे आणि ती सोडायची नाही.

आपल्यावरही बंधन वाढलं आहे. संपाआधी आता १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तरी तो संपच धरतात. रागाच्या भरात “उद्यापासून बंद” असं गेटसभेत ओरडणाऱ्या आपल्याच पुढाऱ्याला हे विचारा, नोटीस दिली का?

सोबत्याची केस दोन वर्षं तारखांवर चालली. शेवटी थोड्या पैशांवर मिटली. नोकरी मिळाली नाही. आता तो बाजारात भाजी विकतो. आणि युनियनच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही मराठी नियम मोठ्यानं वाचतो. कुणाला कसल्या कागदावर सही मागितली असेल तर सही न करता त्याचा फोटो घेऊन या.