कॅमेऱ्याआधी दोर

नंदुरबारच्या तरुणांनी प्रस्तरारोहणाची छायाचित्रं काढायला शिकावं, आणि सुरुवात आपल्या सातपुड्यातच करावी, असं मला मनापासून वाटतं. दिवाळीत अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठी अस्तंब्याच्या शिखरावर असंख्य भाविक चढतात. दमलेला चेहरा, आधार शोधणारा हात आणि मागची डोंगररांग एका चौकटीत कशी बसवायची, हे त्यांच्या परवानगीने तिथे शिकता येतं. तैलबैल्याच्या कातळभिंती किंवा खंडाळ्याचा ड्यूक्स नोज हा कडा त्यानंतर. कड्याखाली उभं राहून काढलेल्या फोटोत आरोहकाची पाठ आणि बुटांचे तळवेच दिसतात, कड्याची उंचीही हरवते. म्हणून छायाचित्रकाराने वर किंवा बाजूला दोरावर असायला हवं. त्याचा दोर आणि अँकर (दोर कातळाला बांधायचा आधार) आरोहकाच्या दोर-अँकरपेक्षा वेगळे असावेत, डोक्यावर हेल्मेट असावं आणि कॅमेरा हार्नेसला, म्हणजे कमरेच्या सुरक्षापट्ट्याला, बांधलेला असावा. वरून निसटलेली लेन्स खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. आपल्या डोंगरांचा बेसाल्ट खडक काळा. कॅमेरा तो उजळवू पाहतो आणि उन्हातला चेहरा पांढराफटक पडतो, म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवावं. हात पुढच्या खाचेकडे झेपावतो तो क्षण गोठवायला शटर सेकंदाच्या १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवावं. आरोहकाला मात्र ‘थांब, इकडे बघ’ असं कधीही सांगू नये. त्याचं लक्ष कातळावरच राहिलं पाहिजे. नवी लेन्स घेण्याआधी जाणत्यांकडून गाठी, बिले (आरोहकाचा दोर सांभाळणं) आणि रॅपलिंग (दोरावरून उतरणं) शिका; दोराची भाषा कळली की आरोहकाची पुढची हालचाल आधीच ओळखता येते.