तारखेची किंमत कोण मोजतो?

खास प्रतिनिधी

दिवाणी न्यायालयांत दाखल होणारे मुदतीचे अर्ज बहुधा एकाच साच्यातले असतात. ‘घरगुती अडचणीमुळे हजर राहता येत नाही, तरी पुढील तारीख मिळावी’ एवढा मजकूर, खाली सही आणि त्यावर ‘मंजूर’ असा शेरा. यातील काही अडचणी खरोखरच दुःखद असतात, तर काही केवळ कागदावरच्या. दोन्हींना सारखीच तारीख मिळते, हे या दुखण्याचे मूळ आहे.

कायदा मात्र मोघम नाही. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील सतराव्या आदेशानुसार पुरेसे कारण असल्यास आणि ते लेखी नोंदवूनच सुनावणी तहकूब करता येते. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने एका पक्षकाराला सुनावणीदरम्यान तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये, असे बंधन घातले. तहकुबीच्या खर्चाबाबत आदेश देणेही आवश्यक ठरविले. वकील अन्य न्यायालयात गुंतले आहेत, ही सबब तर संहितेला मुळीच मान्य नाही.

तीनची मर्यादा अपघात वा गंभीर आजारातही आड येईल काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ‘सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशन’ प्रकरणात २००५ साली न्यायालयाने ही मर्यादा ताठर नसल्याचा निर्वाळा दिला. २०११च्या ‘शिव कोटेक्स’ निकालात अपवाद अधिक नेमके झाले. पक्षकार, साक्षीदार वा वकिलाचे अचानक आजारपण, त्यांच्या कुटुंबातील मृत्यू, पूर वा भूकंप, न्यायालयात येताना झालेला अपघात ही कारणे ग्राह्य ठरली. वकील बदलणे किंवा वकिलांचा संप मात्र त्यात बसत नाही.

तरीही तारखा पडतच राहतात. बोर्डावर प्रकरणांची गर्दी असल्याने अर्ज मंजूर करणे सोपे, तर नामंजुरीला वरच्या न्यायालयात आव्हान मिळण्याची शक्यता. खर्चाची रक्कम अनेकदा नाममात्र. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनीही सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेच्या परिषदेत तहकुबीची ही संस्कृती बदलण्याची गरज बोलून दाखविली होती.

या व्यवहारात दुसरी बाजू विसरली जाते. रोजंदारी बुडवून, एसटीने तालुक्याच्या गावी आलेल्या साक्षीदाराला ‘आज काम नाही’ एवढेच कळते. त्याची अडचण कोणत्याही अर्जात नसते. उलटपक्षी, सरसकट कठोरपणाही अन्यायकारकच. रुग्णालयात आप्ताच्या उशाशी बसलेल्या प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घेण्यासाठी तीस दिवसांत धाव घ्यावी लागते.

यावर नव्या कायद्याची आवश्यकता नाही. अडचण आधी ठाऊक असेल तर अर्ज आणि कागदपत्रे वेळीच दाखल करून त्यांची प्रत प्रतिपक्षाला देता येते. त्याचा हेलपाटा तरी वाचतो. साक्षीदार अंथरुणाला खिळला असेल, तर संहितेच्या सव्विसाव्या आदेशाखाली आयुक्तांमार्फत साक्ष नोंदविता येते. न्यायालयांनीही रोजनाम्यात कारण स्पष्टपणे नोंदवावे आणि खर्च प्रत्यक्ष झळीच्या प्रमाणात ठरवावा. खोट्या सबबी महागल्या, तरच खऱ्या अडचणीतील पक्षकाराकडे संशयाने पाहिले जाणार नाही.