हट्टी बूच

आपल्या हातून जें उघडत नाहीं त्यास हट्टी म्हणण्याची मनुष्यास मोठी खोड आहे. कुलूप निघालें नाहीं तर दोष कुलपाचा. बरणीचें झांकण फिरलें नाहीं तर दोष झांकणाचा! तें किती दिवसांत कोणी उघडलें नाहीं, हें मात्र आपण विचारीत नाहीं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत एका जुन्या ट्रकाच्या बुचानें मला हा प्रश्न विचारावयास शिकविलें.

कोथरूडास यंत्रांचें नवल नाहीं. १९६२ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर-कमिन्स कंपनीनें डिझेल इंजिनांचा आपला कारखाना येथेंच काढला. परंतु यंत्रें शेजारीं असलीं म्हणजे यंत्रांची जाण घरोघरीं येतेच असें नाहीं. आमच्या शेजारीं एक गृहस्थ राहतात. विटा वाहणारा एक जुना ट्रक हेंच त्यांच्या कुटुंबाच्या उपजीविकेचें साधन. त्या ट्रकाच्या मागल्या आंसांतून घरघर ऐकूं येऊं लागली. या आंसाच्या पोटांत दांतेरी चक्रें जाड तेलांत बुडून फिरत असतात. तेल कमी झालें किंवा नासलें म्हणजे तीं झिजूं लागतात. जुनें तेल सोडण्यास तळाशीं एक बूच व नवें भरण्यास बाजूस दुसरें, अशी योजना असते. गृहस्थांच्या पुतण्यानें उत्साहाच्या भरांत तळाच्या बुचास सैल पाना लावला व त्यावर घणाचे घाव घातले. बूच तसूभरही हललें नाहीं. त्याचे कोपरे मात्र गोल झाले.

तेव्हां एका वृद्ध मिस्त्रींना बोलावणें गेलें. त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, "वरचें बूच उघडतें कीं नाहीं, तें पाहिलें का?" पुतण्या निरुत्तर झाला. तळाचें बूच निघून सारें तेल वाहून गेलें असतें व वरचें उघडलें नसतें, तर नवें तेल भरावयाचें कोठून? ट्रक जागच्या जागीं खिळला असता. परतीची वाट मोकळी आहे अशी खात्री केल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये, हा धडा एका बुचांत सांठविलेला होता.

वरचें बूचही गंजलेलेंच होतें. मिस्त्रींनीं तारेच्या ब्रशानें चिखल खरवडला, आट्यांच्या कडेस पातळ तेल सोडलें, हलके हलके ठोके दिले व तें रात्रभर तसेंच राहूं दिलें. गंज हा मूळच्या लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. म्हणूनच आटे जखडतात. ठोक्यांनीं तो गंज फुटतो आणि त्या भेगांतून तेल आंत शिरतें. सकाळीं त्यांनीं बुचाच्या सहाही बाजूंस नेमका बसणारा पाना घेतला व त्याच्या दांड्यास लांब नळी जोडली. दांडा दुप्पट लांब झाला म्हणजे तितक्याच बळानें पीळ दुप्पट बसतो. बूच प्रथम किंचित् आवळण्याच्या दिशेस, मग सोडण्याच्या दिशेस, असें फिरवितां फिरवितां तें करकरत सुटलें. नंतर तळाच्या बुचाचे बिघडलेले कोपरे कानशीनें घासून त्यास लहान पाना बसविला. दुपारपर्यंत तेंही निघालें.

कोणी म्हणेल, भाड्यावर चालणाऱ्या गाडीस एवढी उसंत कोठची? आक्षेप खोटा नाहीं. उभ्या ट्रकाचा एक दिवस म्हणजे घरांतील एका दिवसाचें अन्न. परंतु बूच आंतच तुटलें तर तें भोंक पाडून काढावें लागतें. त्याचा कीस आंत पडला तर सारा आंस खोलण्याची पाळी येते, व एका दिवसाचे आठ दिवस होतात. शिवाय एका धडाक्यांत सर्व काम उरकतेंच असें नाहीं. २०२२ सालच्या ऑक्टोबरांत आमच्याच चांदणी चौकांतील जुना पूल सुरुंगांनीं उडविला. तरी त्याचा उरलेला भाग अखेर यंत्रांनीं खणून काढावा लागला.

माझें मत असें कीं, बूच मुळांत हट्टी नसतें. उपेक्षेनें तें तसें होतें. तेंच बूच वेळच्या वेळीं उघडलें असतें तर एका माणसाच्या हातानें सुटलें असतें. आणि शेवटचें आवळणाऱ्यानें आपल्यामागून कोणी तें उघडणार आहे याची आठवण ठेविली असती, तरीही पुष्कळ श्रम वांचले असते. मिस्त्रींनीं तीं दोन्ही बुचें परत बसवितांना आटे पुसले, प्रथम बोटांनींच फिरविलें व मग पान्यानें बेतानें आवळलें. "जास्त जोर कां लावीत नाहीं?" असें मीं विचारलें. ते म्हणाले, "बाळ, पुढच्या वेळीं कदाचित् तूंच उघडशील."