कॅल्शियमचे वजन आणि कोपऱ्यावरची गिरणी

मुख्य अन्नात लोह मिसळतो, फॉलिक आम्ल मिसळतो, मग कॅल्शियम का नाही, हा प्रश्न आपल्या क्षेत्रात वारंवार विचारला जातो. त्यामागची काळजी खरी आहे. 2010 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला 600 मिलिग्रॅम कॅल्शियम पुरेसे मानणाऱ्या आयसीएमआरने 2020 मध्ये ही शिफारस 1000 मिलिग्रॅमवर नेली. स्तनदा मातेसाठी ती 1200 आहे. आपले ताट मात्र होते तिथेच राहिले. 100 ग्रॅम ज्वारीत किंवा गव्हाच्या पिठात कॅल्शियम जेमतेम 30 मिलिग्रॅम, पांढऱ्या तांदळात तर सुमारे 8. ज्या घरात दूध फक्त चहापुरते येते, तिथल्या बाईने दिवसभरात 300 ग्रॅम ज्वारी खाल्ली तरी तिच्या पोटात धान्यातून 100 मिलिग्रॅमही जात नाही.

अन्नसमृद्धीच्या 2018 च्या नियमांनी मीठ, तेल, दूध, गव्हाचे पीठ आणि तांदूळ यांचे निकष ठरवले. पिठात आणि तांदळात लोह, फॉलिक आम्ल, बी-12. दुधात व तेलात अ आणि ड जीवनसत्त्व. या मुख्य पदार्थांच्या यादीत कॅल्शियम नाही. ते घालावे, असे आमचेही मत आहे. पण रेशनच्या तांदळात लोहासाठी जी वाट वापरली तीच कॅल्शियमसाठीही वापरू, असे कोणी म्हणत असेल तर आमचा त्याला स्पष्ट विरोध आहे.

कारण वजनाचे आहे. एक किलो तांदळात लोह लागते 28 ते 42.5 मिलिग्रॅम. ते समृद्ध दाण्यांत बसवायचे आणि शंभरास एक या प्रमाणात ते दाणे तांदळात मिसळायचे, हे जमते. आता किलोमागे एक ग्रॅम कॅल्शियम द्यायचे ठरवा, म्हणजे 300 ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला 300 मिलिग्रॅम मिळेल. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम 40 टक्के असते, म्हणून अडीच ग्रॅम कार्बोनेट लागेल. किलोमागे मिसळायचे दाणे मात्र दहाच ग्रॅम, म्हणजे त्या दाण्याचा चौथा हिस्सा चुनखडीच झाला. असा दाणा शिजताना टिकेल का, तो वेगळा दिसला म्हणून निवडून टाकला जाईल का, हे प्रश्न त्यानंतरचे.

मग पीठ? इथे ब्रिटनचे उदाहरण हमखास दिले जाते. दुसऱ्या महायुद्धात तिथे दूध तुटपुंजे झाले आणि धान्य वाचवण्यासाठी पिठात कोंडा जास्त ठेवावा लागला. कोंड्यातल्या फायटेटमुळे कॅल्शियमचे शोषण घटते, हे मॅककॅन्स आणि विडोसन या संशोधकांनी प्रयोगांनी दाखवले होते. त्या काळात पिठात खडूची पूड मिसळायला सुरुवात झाली आणि ती पुढेही कायद्याने चालू राहिली. 1998 च्या नियमावलीत 100 ग्रॅम पिठामागे 235 ते 390 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट ठरवले गेले, म्हणजे 94 ते 156 मिलिग्रॅम कॅल्शियम. संपूर्ण गव्हाच्या पिठाला त्यातून सूट आहे.

तिथे हे शक्य झाले कारण पीठ मोठ्या गिरण्यांतून येते आणि तपासनीस तिथे पोचू शकतो. आपल्याकडे रेशनवर गहू मिळतो, पीठ नाही. तो गहू किंवा बाजारातली ज्वारी डब्यात घालून कोपऱ्यावरच्या गिरणीत दळून आणली जाते. त्या गिरणीवाल्याने दर डब्यामागे मोजून पूड टाकावी असा कायदा करता येईल, पण पाळला जाणार नाही, आणि चुकून दुप्पट पडली तर जबाबदार कोण? म्हणून सक्ती पोचेल ती पाकीटबंद आट्यापर्यंत आणि रोलर मिलच्या मैद्यापर्यंत. आम्ही मैद्याकडे दुर्लक्ष करू नये असे म्हणतो. लादीपाव, खारी, बिस्किटे आज गरीब वस्तीतही रोजची झाली आहेत, आणि मैद्यात फायटेट कमी असल्याने शोषणाची अडचणही कमी. त्यामुळे मैदा खाण्याची शिफारस होते असे कोणी समजू नये. जो खाल्ला जातोच आहे, त्याच्याविषयी हे बोलणे आहे.

एक इशारा मात्र गंभीर आहे. कॅल्शियम आणि लोह एकाच जेवणात आले की लोहाचे शोषण घटते. दीर्घ काळात हा परिणाम सौम्य होतो असे काही अभ्यास सांगतात, तरी ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत तिथे हे गृहीत धरून चालणार नाही. गरोदरपणासाठीच्या सरकारी सूचनांत कॅल्शियमच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या लोहाच्या गोळीसोबत घेऊ नयेत, असे म्हटले आहे ते याचसाठी. एकाच पिठात दोन्ही घालायचे असतील तर आधी आपल्याच जेवणावर, पोळी-डाळ-भाजीवर, चाचणी व्हावी.

नागलीचे, म्हणजे नाचणीचे काय, असे पालघर-नाशिकचे वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 360 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, कुठलीही पूड न मिसळता. फायटेट तिच्यातही आहे. आंबवण्याने, मोड आणण्याने ते कमी होते. अंगणवाडीच्या आहारात आणि रेशनवर नाचणी नियमित मिळाली, तर त्या पट्ट्यातल्या घरांना मैद्याच्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

पाण्याकडेही कोणी पाहत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 75 मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम स्वीकार्य आहे. तेवढे असलेले दोन लिटर पाणी 150 मिलिग्रॅम देते, म्हणजे 100 ग्रॅम ब्रिटिश पिठात घातले जाते जवळजवळ तितके. दख्खनच्या कित्येक विहिरींचे पाणी जड आहे. घरात आरओ आले की त्यातले बहुतेक कॅल्शियम निघून जाते, आणि आपल्या आहारनोंदीत हा बदल कुठेच दिसत नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरण कोणत्याही नियमाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला करते. कॅल्शियमचा मसुदा येईल तेव्हा उद्योगांचे आकडे तयार असतील. आपलेही असायला हवेत. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या आहारनोंदीत पीठ पाकिटाचे की गिरणीचे, पाणी विहिरीचे, नळाचे की आरओचे, पाव-बिस्किटे आठवड्यातून किती वेळा आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या कोणत्या वेळी, एवढे या महिन्यापासून लिहायला सुरुवात करा. नाव-गाव काढून त्या नोंदी आमच्याकडे पाठवा. तालुकावार मांडणी आम्ही करू.