गोळी आहे, मग माणूस का मरतो?

दोस्तांनो, या अंकात कवितांच्या आधी एका गोळीबद्दल बोलायचंय.

माळेगाव बुद्रुकला बॉयलर पेटला की फडाच्या कडेला कोप्या उठतात. बीडकडच्या, नगरकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागच्या हंगामात अशाच एका कोपीत बसलो होतो. बाईनं पत्र्याच्या पेटीतून, साडीच्या घडीतून बाटली काढली. लेबल नखानं खरवडलेलं. म्हणाली, ‘रक्त वाढायची गोळी हाय, आसं सांगते टोळीत.’

ती एचआयव्हीची गोळी. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोलुटेग्राव्हिर, तिन्ही एकात. रोज एक. नेमानं घेतली तर सहाएक महिन्यांत बहुतेकांच्या रक्तातला विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही. तसा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. वेळेत सुरू केली तर आयुष्य जवळजवळ इतरांइतकंच.

माझा मामा १९९९ साली गेला. ट्रकवर क्लीनर होता. शेवटी टीबीनं पोखरला. तीन औषधांचा उपचार १९९६ पासून जगाला ठाऊक होता, पण त्याची वर्षाची किंमत दहा हजार डॉलरच्या घरात! २००१ साली मुंबईच्या सिप्लानं तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. सरकारनं फुकट औषध सुरू केलं १ एप्रिल २००४ ला, तेही देशभरात मोजून आठ इस्पितळांतून. मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. मामाला रोगानं मारलं की किमतीनं, तुम्हीच ठरवा.

आणि आम्ही काय केलं? वस्तीत त्याचा कप वेगळा ठेवला. आपल्याच वस्तीत! ज्यांच्या आज्याला हॉटेलाबाहेरच्या फुटक्या कपबशीत चहा मिळायचा, त्यांनी. त्या कपाला मीही हात लावला नाही. व्यवस्थेला शिव्या घालताना हे माझ्या घशात अडकतं.

आता २०१७ पासून लागण कळली की लगेच औषध, सीडी-४ घसरायची वाट बघायची नाही. त्याच साली कायदाही आला, २०१८ ला लागू झाला. भेदभावाला बंदी घातली, झकास. पण औषध द्यायच्या कलमात शब्द घातले, ‘शक्य असेल तितके’. च्यायला, भूक लागल्यावर भाकर ‘शक्य असेल तितकी’? २०२२ साली औषधांचा तुटवडा पडला तेव्हा रुग्ण दिल्लीत एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात महिनाभराहून जास्त बसले, ते उगाच नाही.

तरी साठा असूनही गोळी चुकते. उचल फिटेस्तोवर फड सोडता येत नाही. केंद्रावर जायचं म्हणजे खाडा. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. नाव दुसऱ्या केंद्रावर बदलून मिळतं, पण रांगेत टोळीतलं कुणी दिसलं तर? मग आठवडा जातो, महिना जातो. विषाणू परत उसळतो, मागोमाग टीबी. कागदावर त्याला ‘उपचार सोडला’ म्हणतात. सोडला कुणी? टोळी निघायच्या आधीच हंगामभराच्या गोळ्या बाईच्या हातात का पडू नयेत? लॉकडाऊनमध्ये काही महिन्यांच्या एकदम दिल्याच होत्या की.

रात्री आठला तिचा मोबाईल नुसता थरथरला. आवाज बंद करून गजर लावलेला. तिनं पाठ फिरवून गोळी गिळली, बाटली हलवून बघितली. अकरा उरल्या होत्या. पट्टा पडायला अजून दोन महिने होते.